कासवांच्या पेटीला ऊब नको, हवा हवी

पत्र असं आहे, थोडं छाटून देतेय:

"ताई, माझ्याकडे दोन जमिनीवरची कासवं आहेत. एक रेड-फूट, साधारण तीन वर्षांचं, कवच १४ सेंटिमीटर, आणि एक सुलकाटा, दोन वर्षांचं, ११ सेंटिमीटर. फ्लॅटमध्ये राहतो, अंगण नाही, छोटी बाल्कनी आहे. दोघंही ४ फुटी काचेच्या फिश टँकमध्ये एकत्र आहेत. खाली हिरवं प्लास्टिकचं कार्पेट, वर १०० वॉटचा हीट बल्ब, आणि ऊन मिळावं म्हणून टँक बंद खिडकीला लागून ठेवलाय. उन्हाळ्यात दोघं दिवसभर कोपऱ्यात तोंड खुपसून बसतात, पावसाळ्यात टँकला बुरशीचा वास मारतो. रेड-फूट तासन्‌तास काचेला नाक घासतं आणि आता त्याच्या पोटाच्या कवचावर पांढरट मऊ डाग आलेत. सुलकाटाच्या पाठीवरचे खवले टेकड्यांसारखे वर यायला लागलेत. उन्हाळ्यात खोली ३३-३४ अंशाला जाते, पावसाळ्यात २६-२७, तेव्हा आर्द्रता ८०-८५ टक्के. रात्री एसी लावतो. मोठी पेटी करून घ्यायचीय, सुताराला नक्की काय सांगू?"

सुतार थांबेल हो, आधी ते डाग. कवचावर मऊ पांढरट डाग म्हणजे बहुतेक शेल रॉट, बुरशी नाहीतर बॅक्टेरियाचं इन्फेक्शन, आणि हे फोटोवरून मी काय कोणीच ठरवू नये, सरपटणारे प्राणी बघणाऱ्या व्हेटकडे या एक-दोन दिवसांत घेऊन जा. तोपर्यंत त्याला वेगळं, कोरड्या कागदावर ठेवा आणि घरातलं कुठलंही मलम लावू नका. जाताना हेही बघून ठेवा की नाकातून बुडबुडे येतायत का, तोंड उघडून श्वास घेतंय का. कासवाला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, त्याला नीट खोकता येत नाही, त्यामुळे छातीत साचलेलं सहज बाहेर पडत नाही आणि साधी वाटणारी सर्दी फार लवकर गंभीर होते.

आता पेटी. तुम्ही जे जे केलंय ना, टँक, वर बल्ब, ते सगळं कुठल्या ना कुठल्या केअर शीटमध्ये (पाळणाऱ्यांसाठीच्या सूचनापत्रकात) लिहिलेलं असतं, मला माहितीये, मीही तिथूनच सुरुवात केली होती. पण त्यातल्या बऱ्याचशा सूचना थंड देशातल्या लोकांनी स्वतःच्या घरासाठी लिहिलेल्या असतात, जिथे खोली १८ अंशाला असते आणि हीटरने हवा सुकून गेलेली असते, त्यामुळे त्यांची सगळी धडपड उष्णता आणि ओल आत कोंडून ठेवायची. आपल्याकडे म्हणजे उष्ण कटिबंधात उष्णता आणि ओल या दोन्ही गोष्टी खोलीतच फुकट मिळतात. घराच्या आत कमी काय पडतं, तर यूव्हीबी (उन्हातले न दिसणारे, कासवाला हाडं-कवचासाठी लागणारे किरण), खेळती हवा, खोलीपेक्षा जरा गार असा एखादा कोपरा, आणि पोट टेकायला कोरडी जागा. म्हणजे तीच पेटी, पण उलट्या डोक्याने विचार करून बनवायची.

तुमचा टँक म्हणूनच नापास. चारही बाजूंनी काच, त्यामुळे ओल्या तळावरची कोंदट हवा तिथेच बसून राहते. १०० वॉटचा बल्ब ४ फुटात लावला की अख्खा टँकच गरम होतो, गार बाजू उरतच नाही, मग ते बिचारे कोपऱ्यात तोंड खुपसणार नाहीतर काय करतील. नाक घासायचं कारण अजून साधं, त्याला पलीकडचं दिसतं पण मध्ये काहीतरी आहे हे कळत नाही, ते चालतच राहतं. आणि खिडकीचं ऊन, यात भलेभले फसतात. कासवाच्या कातडीत डी३ जीवनसत्त्व तयार करणारा भाग म्हणजे साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरचे किरण, ते खिडकीची साधी काच जवळजवळ सगळे अडवते, उष्णता मात्र आरामात आत सोडते. म्हणजे उन्हातलं चांगलं तेवढं बाहेर आणि वाईट तेवढं आत. तो टँक खिडकीपासून आजच हलवा, नवीन पेटीची वाट बघू नका.

दुसरी गोष्ट ऐकायला आवडणार नाही. एक नाही, दोन पेट्या लागतील. रेड-फूट दक्षिण अमेरिकेतलं, जंगल आणि सॅव्हानाच्या दमट भागातलं, मोठं झालं की साधारण ३०-३५ सेंटिमीटर. सुलकाटा आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यातलं, ते पूर्ण वाढलं की कवच ७०-८० सेंटिमीटर आणि वजन ४५-५० किलो, नर त्याच्याही पुढे जातात. गॅलापागोस आणि अल्डाब्राची महाकासवं सोडली तर जगात याच्याहून मोठं जमिनीवरचं कासव नाही. दोघांना लागणारं तापमान वेगळं, खाणं वेगळं, एकाला झेपणारे जंत-जंतू दुसऱ्याला झेपतीलच असं नाही, आणि दोनच कासवं एकत्र ठेवली की एक जण दुसऱ्याला गपचूप दाबतो. भांडण दिसत नाही हो, फक्त एक जण नेहमी चांगल्या जागेवर बसलेला दिसतो आणि दुसरा त्याच्यामागे फिरत राहतो, लोकांना वाटतं काय मैत्री आहे.

पाठीवरच्या टेकड्यांबद्दल. याला पिरॅमिडिंग म्हणतात, आणि पूर्वी सगळा दोष खाण्यातल्या प्रोटीनला द्यायचे. २००३ मध्ये सुलकाटाच्याच पिल्लांवर एक अभ्यास छापून आला, त्यात दिसलं की प्रोटीनपेक्षा आर्द्रतेचा परिणाम कितीतरी जास्त, कोरड्यात वाढलेल्या पिल्लांच्या टेकड्या उंच. "वाळवंटातलं आहे, कोरडं ठेवा" हा सल्ला म्हणून चुकीचा, कारण ते प्राणी दिवसाचा बराच वेळ जमिनीखालच्या बिळात घालवतात आणि बिळात ओल असते. तुम्ही म्हणाल आमच्याकडे तर ८५ टक्के आर्द्रता, मग कोरडं कुठून? रात्रभर एसी, त्यात खाली सुकं प्लास्टिक, दिवसभर डोक्यावर १०० वॉट. बल्बच्या खाली कवचाजवळ हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचा मीटर, ठेवून बघा एकदा, आकडा बघून दचकाल. आलेल्या टेकड्या बसत नाहीत, पण पुढची वाढ सपाट होऊ शकते.

आता साइझ. रेड-फूटसाठी ८ बाय ४ फूट सांगा. आत्ता ५ बाय ३ मध्ये भागेल, पण तीन-चार वर्षांनी परत सुतार, परत पसारा, त्यापेक्षा एकदाच होऊन जाऊ दे. जागाच नसेल तर लांबीत तडजोड करा, पण रुंदी ३ फुटांच्या खाली नको, वळायला जागा लागते. सुलकाटाला आत्ता ५ बाय ३ करा आणि मनाशी पक्कं धरा की ही तात्पुरती सोय आहे, ३० सेंटिमीटरच्या पुढे गेलं की फ्लॅटमधली कुठलीच पेटी त्याला पुरणार नाही.

मी तरी वरून उघडं टेबल करायला सांगेन, बंद कपाट नाही. भिंती दीड फूट उंच आणि आरपार न दिसणाऱ्या, समोर शोसाठी काच हवीच असेल तर खालचे ८-१० इंच तरी झाका. कोपरे गोल करा नाहीतर तिथे तिरपी पट्टी मारा, कासवं कोपऱ्यातच चढायचा प्रयत्न करतात आणि उलटी पडतात, आणि दिव्याखाली उलटं पडलेलं कासव तुम्ही ऑफिसमधून येईपर्यंत जगेलच असं नाही. वरच्या कडेला आतल्या बाजूने दोन-तीन इंचाची पट्टी. मांजर किंवा उंदीर यायची शक्यता असेल तर वर जाळीची फ्रेम, उंदीर झोपलेल्या कासवाचे पाय कुरतडतात, हे अतिशयोक्ती म्हणून सांगत नाहीये.

मटेरियल हा खरा पैसे वाया जायचा भाग. माझं पहिलं टेबल साध्या प्लायचं होतं, वर वॉर्निशचे दोन हात, दिसायला अगदी झकास, आणि दुसऱ्या पावसाळ्यात तळ फुगून त्याची पानं सुटली, खालून काळी बुरशी आणि एका पायात वाळवी. साध्या प्लायच्या नादी लागू नका. पीव्हीसी फोम बोर्ड सगळ्यात बिनडोकेदुखीचा, पण तो वजनाने वाकतो म्हणून खाली लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची चौकट पाहिजे, ओली माती भयंकर जड असते. नाहीतर मरीन प्लाय आणि आतून सगळीकडे इपॉक्सी (पाणी शिरू न देणारा लेप), कापलेल्या कडांनासुद्धा, सुतार कडा नेमक्या विसरतात. सांध्यांमध्ये अ‍ॅक्वेरियमचं सिलिकॉन. मग वास पूर्ण जाईपर्यंत, आठवडा दोन आठवडे, पेटी रिकामी पंख्याखाली उघडी ठेवा. तळाला एका कोपऱ्याकडे थोडासा उतार, तिथे जाळी लावलेलं भोक आणि खाली बाटली, जास्तीचं पाणी साचून सडण्यापेक्षा बरं.

पेटी जमिनीवर ठेवू नका, पायांवर ठेवा, दीड-दोन फूट. एसीची गार हवा खाली बसते, आणि दुसरं कारण मुंग्या. यावर मी जरा जास्त बोलणार कारण केअर शीटमध्ये याचा उल्लेखच नसतो. उरलेल्या फळाच्या तुकड्यावर रात्रीतून रांग लागते आणि पिल्लू झोपलेलं असेल तर त्या त्याच्या डोळ्यांच्या कडांना, शेपटीखाली डसतात. माझ्या एका पिल्लाचे डोळे सुजून चार दिवस बंद होते. प्रत्येक पाय पाण्याच्या वाटीत ठेवायचा, पाण्यात डिशवॉशचा थेंब म्हणजे मुंगी तरंगत पलीकडे जात नाही आणि डासही होत नाहीत, आणि पेटी किंवा कुठलीही वायर भिंतीला टेकता कामा नये, एक वायर टेकली की तोच पूल. खडू, पावडर, स्प्रे यातलं काहीही पेटीच्या आसपास नको.

हवा कशी खेळवायची? एका आखूड भिंतीला खाली, मातीच्या पातळीच्या दोन इंच वर, लांब आडवी फट, आणि समोरच्या आखूड भिंतीला वरच्या कडेजवळ तशीच दुसरी, दोन्हीवर स्टीलची बारीक जाळी. वर उघडं असूनही खालची फट लागतेच, ओल्या मातीवरची गार हवा खड्ड्यात पाणी साचावं तशी साचते. गरम बाजूच्या वरच्या फटीला बाहेरून १२० मिलिमीटरचा कॉम्प्युटर फॅन, हवा बाहेर ओढणारा, अंगावर मारणारा नाही. पावसाळ्यात तो दिवसभर चालू, बाकी वेळी मर्जीप्रमाणे.

दिव्यांबाबत एकच नियम पाळा, प्रकाश वेगळा आणि उष्णता वेगळी. दोन्ही एकत्र देणारे मर्क्युरी व्हेपरचे बल्ब मिळतात, सोयीचे वाटतात, पण आपल्या हवेत उन्हाळ्यात उष्णता नको म्हणून तो बंद केला की यूव्हीबीपण बंद! म्हणून यूव्हीबी देणारी लांब, बारीक टी५ ट्यूब घ्या, रिफ्लेक्टरवाली, ती फार तापत नाही. रेड-फूटला ५-६ टक्के यूव्हीबीची, सुलकाटाला १०-१२ टक्क्यांची. कवचापासून साधारण ३०-४० सेंटिमीटर वर, कंपनीने पाकिटावर दिलेलं अंतरही बघा. ट्यूब पेटीच्या अर्ध्या लांबीवर पुरे, म्हणजे उरलेल्या अर्ध्यात सावली राहते. नेहमी वरून, बाजूने कधीच नाही, वरच्या उजेडापासून कासवाची भुवई डोळा वाचवते, बाजूच्या नाही. ट्यूब जाळीच्या आतल्या बाजूला टांगा, जाळी यूव्हीबीचा बराच भाग खाते. टायमरवर १२ तास, आणि दर वर्षी नवीन, दिसायला ती तशीच जळत राहते पण यूव्हीबी कमी होत गेलेलं असतं.

उष्णतेसाठी ५०-६० वॉटचा बल्ब, थर्मोस्टॅटवर (ठरवलेल्या तापमानाला बल्ब आपोआप बंद-चालू करणारं यंत्र), आणि थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, दिव्याखाली कवचाच्या उंचीवर. रेड-फूटची गरम जागा ३१-३२ अंश, सुलकाटाची ३५-३६, गार बाजू दोघांचीही २६-२७ च्या आसपास. तुमच्या ३४ अंशांच्या दुपारी रेड-फूटच्या पेटीतला बल्ब लागणारच नाही आणि तेच बरोबर आहे, बल्ब बंद दिसला म्हणून सेटिंग वाढवू नका. खालून गरम करणारी मॅट नको, गरम दगड नको. ऊन वरून येतं एवढंच त्याला ठाऊक असतं, पोट भाजतंय हे त्याला वेळेत कळत नाही.

उन्हाळ्याची खरी अडचण गार बाजू. हवा कोरडी असेल तर ओल्या मातीवर पालथी घातलेली, अर्धी फोडलेली मोठी मातीची कुंडी दोन-तीन अंश सहज खाली आणते. पण आर्द्रता ८० च्या पुढे असली की पाणी फारसं उडत नाही, मग कितीही शिंपडा, गारवा येत नाही, नुसता चिखल होतो. तशा दिवसांत दुपारी खोलीचा पंखा, फॅन चालू, आणि गार बाजूच्या भिंतीला बाहेरून टेकवून बर्फाची बाटली. तेही पुरलं नाही तर दुपारी दोन-तीन तास एसी २८ वर, तुमच्या रात्रीच्या एसीपेक्षा त्यांना तो जास्त उपयोगी. रात्रीचा एसी चालेल, पण झोत पेटीवर नको आणि पेटीच्या आत २३-२४ च्या खाली जाऊ देऊ नका. जात असेल तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर, तोही थर्मोस्टॅटवरच. गरम आणि दमट चालतं, गार आणि कोरडं एखादी रात्र खपून जातं, गार आणि दमट मात्र छातीवर येतं, आणि पावसाळ्यातला एसी नेमकं तेच करू शकतो.

कार्पेट फेका. नखं अडकतात, खाली लघवी साचते, डागांचं मूळ बहुतेक तिथेच. त्याऐवजी कोकोपीट, खत-औषध नसलेली बागेची माती आणि जाड झाडाची साल, सगळं मिसळून पाच-सहा इंच, सुलकाटाला आठ, म्हणजे उकरता येईल. नुसती वाळू नको, पोटात जाऊन अडकते. देवदाराचा भुसा नको, त्याचा वास श्वासाला वाईट. वर सुक्या पानांचा थर. पाणी कधी वरून फवारायचं नाही, कोपऱ्यांत कडेने ओतायचं, ते तळाला पसरतं, खालचा थर ओला आणि वरचे दोन इंच कोरडे. पोट कोरडं, हवा दमट, दोन्ही गोष्टी एकदम साधतात, आणि हे जमलं की निम्मं काम झालं. पावसाळ्यात पाणी घालायचंच नाही, आठवड्यातून एकदा माती खालीवर करायची. बुरशीसाठी स्प्रिंगटेल आणि आयसोपॉड सोडता येतात, हे बारीक किडे बुरशी आणि कुजकं खाऊनच जगतात आणि कासवाला काही करत नाहीत. आधी मला फॅड वाटलं होतं, आता त्यांच्याशिवाय मी पेटी लावत नाही. विष्ठा मात्र रोज उचला, किडे आहेत म्हणून निवांत राहू नका.

आतलं सामान थोडकंच. लपायच्या दोन जागा, एक गार बाजूला आणि एक मध्ये, त्यातल्या एकीत ओलं मॉस. पसरट मातीची बशी मातीत पुरून, पाणी हनुवटीपर्यंत, रोज बदलायचं. खाण्यासाठी खरखरीत सपाट दगड, नखं आपोआप झिजतात. स्पायडर प्लांटच्या एक-दोन कुंड्या चालतील, मनी प्लांट, डिफेनबेकिया आणि कण्हेर अजिबात नको.

विजेचं काम सुताराकडून करून घेऊ नका. त्या सर्किटला ३० मिलिअँपचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच), सिरॅमिकचे होल्डर, दिवा साखळीने टांगलेला, नुसत्या क्लिपवर भरवसा नको. प्लग आणि थर्मोस्टॅट पेटीच्या बाहेर, आणि वायर सॉकेटकडे जाताना आधी खाली झोळ देऊन मग वर न्यायची, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये शिरत नाही.

बाल्कनीचा उपयोग आहेच, सकाळच्या कोवळ्या उन्हात अर्धा तास, मोठ्या उथळ टबमध्ये माती घालून, अर्ध्यावर सावली करून, आणि तुम्ही तिथेच बसून. काचेचा टँक उन्हात कधीच नाही, दहा मिनिटंसुद्धा नाही.

पेटी तयार झाली की लगेच कासव सोडायची घाई नको. तीन-चार दिवस रिकामी चालवा, सगळे दिवे लावून, आणि सकाळी ७, दुपारी २ आणि रात्री ११ ला गरम बाजू, गार बाजू आणि लपायच्या जागेतले आकडे वहीत लिहा. प्रोबवाला डिजिटल मीटर घ्या, भिंतीला चिकटवायची गोल तबकडी शोभेची असते. दुपारी २ ला गार बाजू ३० च्या वर दिसली तर आधी दिवा, मग फॅन, मग पेटीची जागा, या क्रमाने बदल करत जा. रेड-फूटला व्हेट हो म्हणेपर्यंत कागदावरच राहू दे, आणि या सगळ्यात त्यांना हाताळलं की हात साबणाने धुवा, त्यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.

आणि सुलकाटासाठी अंगणवाल्या घराची शोधाशोध आतापासूनच सुरू करा, तो ११ सेंटिमीटरचा आहे तोवर. या दोन्ही जाती साइटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट २ मध्ये आहेत, त्यामुळे कोणाला देताना तुमच्याकडची कागदपत्रं आणि तिथला कायदा आधी बघा. बाहेर कुठेतरी सोडून देणं हा पर्याय नाही, ना त्याच्यासाठी, ना तिथल्या प्राण्यांसाठी. डागांबद्दल व्हेट काय म्हणाले ते मात्र कळवा, आणि जमलं तर पेटीचे रिकामे असतानाचे आकडेही पाठवा, फटी आणि दिव्याची जागा कुठे सरकवायची ते त्यावरून सांगते.